इंगिह म्हणजे हो नव्हे

नाही, तो दिवा नको. व्हिडिओ काढायचा तुझा तो गोल दिवा आधी मिटव, डोळ्यांत जातोय माझ्या. आणि ती तीन पायांची काठी त्या बाहुलीच्या पोटाला टेकवू नकोस — एकतीस वर्षं पोरी त्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठंय ते शिकल्यात, त्याला अजून कुणी काठ्या टेकवल्या नाहीत. बस म्हणणार नाहीये मी तुला, मास दानिस. चहाही विचारणार नाही. दारात आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे आमच्या जावात काय असतं, हे जाकार्ताच्या कॉलेजात शिकवलं नसेल तर आज शिकून घे. माझ्या वर्गात, बू सुहार्तीच्या वर्गात आलास आणि कोरडा परत गेलास, असं सांग सगळ्यांना. सांगशीलच. तुझ्या मोबाईलवरच्या पाठासारखं चार मिनिटांत सांगशील, खाली दोन प्रश्न विचारशील, आणि बरोबर उत्तर देणाऱ्याला तुझा तो बगळा नाचून दाखवील.

बगळा नाही? करकोचा? बरं, करकोचा. एकोणीस वर्षांची पोर, उद्या एखाद्या बाईच्या दोन पायांमध्ये बसून जीव बाहेर काढणार, तिला शिकवायला करकोचा. आणि तो शेवटी पंख हलवतो. कुणाच्या डोक्यातून आलं हे? तुझ्याच ना? वाटलंच. नाही, मी ऐकलंय सगळं, सांगू नकोस परत — पोरी पाच तालुक्यांत विखुरलेल्या, कुणी दवाखान्यात, कुणी उपकेंद्रात, एका वेळी सगळ्यांना बसता येत नाही, म्हणून छोटे छोटे पाठ, जिला जेव्हा सवड तेव्हा तिनं मोबाईलवर बघायचे, हवं तर दहा वेळा बघायचे. आणि हवं तर दीडपट वेगानं. ते का सांगत नाहीस? मी बघितलंय एकीला, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून, कानात दोरी, तुझ्या पाठांना आवाज दिलेल्या दवाखान्यातल्या बू यायुकचा आवाज चिमणीसारखा चिवचिवतोय — प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, दीडपट वेगानं. रक्त जातं का रे दीडपट वेगानं? — हां, तेवढं मात्र जातं. तेच एक जातं.

बरं, तुझा तो कागद. वाचला मी. सही नाही करणार, पण वाचला. अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे. हजेरीचा आकडा विषम असेल तिनं छोटे पाठ बघायचे, सम असेल तिनं दर मंगळवारी दोन तास माझ्यापुढे ऑनलाईन बसायचं. तीन महिन्यांनी दोघींना एकच पेपर. आणि तुझ्या विषमवाल्या पुढे. किती पुढे? थोड्याच — तू स्वतःच लिहिलंयस, थोड्याच. मग त्या थोड्यासाठी आपल्या प्राचार्यांनी, पाक रुस्दीसाहेबांनी मला बोलावून सांगायचं की बू, पुढच्या सत्रापासून थेट तास बंद, तुम्ही निवृत्त होण्याआधी तुमचेही चौदा पाठ रेकॉर्ड करून ठेवूया, म्हणजे तुमचं ज्ञान राहील. राहील म्हणे. मी काय लोणचं आहे का, बरणीत राहायला? पेपरमध्ये काय, खुणा करायच्या असतात. बाळंतपणात खुणा करायच्या नसतात, दानिस. तिथं बाई ओरडत असते, तिची सासू तुमच्या पाठीत बोटं खुपसत असते, वीज गेलेली असते, आणि तेव्हा जे आठवतं ना — ती करकोच्याची चार मिनिटं नाही आठवत. बाई आठवते. शिकवणारी. तिचा आवाज आठवतो. मला माझ्या आईचा आठवतो अजून.

आता त्यावर येऊ नकोस. येणारच आहेस म्हणा, त्यासाठीच आलायस, दिवा-बिवा नुसता बहाणा. वनिंग. तेच ना? हे बघ, मी जे लिहायचं ते पत्रात लिहिलंय, पत्र या टेबलावर आहे, उद्या सकाळी नऊला समितीपुढे जाईल. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, नाव वनिंग, सरकारी दवाखान्यात कामाला लावलेली असताना, रक्तदाब चढलेल्या गरोदर बाईला झटके येऊ नयेत म्हणून देतात ते इंजेक्शन तिनं अडीच ग्रॅमच्या जागी साडेतीन भरून दिलं. दुसऱ्या कुणी बघून मगच टोचायचं असा नियम, पण बू यायुक पलीकडच्या खाटेवर अडकलेली, आणि पोरीला वाटलं आपल्याला येतंय. बाईचा श्वास मंद व्हायला लागला. यायुक आली, मोजला, मिनिटाला नऊ. उताऱ्याचं औषध दिलं, वाचली. सोयाबीनचं तेंपे विकणाऱ्याची बायको आहे ती, बाळही ठीक आहे, मी जाऊन बघून आलेय, दोनदा. आणि पोरगी विषम आकड्यात होती. सत्तेचाळीस. तुझ्या यादीत, तुझ्या छोट्या पाठांत. तुझा सहावा पाठ — त्याच इंजेक्शनचा. म्हणून मी लिहिलं की ही पद्धत धोक्याची आहे, थांबवा. यात खोटं काय आहे?

काय म्हणालास?

परत बोल. — उघडलाच नाही. सहावा पाठ तिनं उघडलाच नाही, असं तुझं अॅप सांगतंय. पाचवा नाही, सहावा नाही, सातवा नाही. बरं मग? हेच तर मी म्हणतेय. पोरगी उघडतच नसेल तर तुझा तो करकोचा कुणासाठी नाचतोय? मी वर्गात असते तेव्हा मला दिसतं कोण जागं आहे, कोण झोपलंय. तुझ्या अॅपला काय दिसतं? उघडला, नाही उघडला. त्यापलीकडे? — नाही, दिसतं मला. ऑनलाईनही दिसतं. आता कॅमेरे बंद असतात हे खरं, पोरींना परवडत नाही आणि खेड्यात रेंजही नसते, म्हणून मीच सांगितलंय बंद ठेवा. काळे चौकोन असतात, त्यावर नावं. पण मला कळतं. आवाजावरून कळतं. आता आवाजही बंद ठेवायला सांगते, नाहीतर कुणाचा कोंबडा, कुणाची मशीद — पण लिहितात की. मी विचारते, समजलं का? आणि बाजूला सरसर येतं — इंगिह, बू. इंगिह, बू. इंगिह, बू. साठ वेळा.

हसू नकोस. तू जावातला असशील, पण जाकार्तात वाढलास, तुला इंगिह काय कळणार. हो-ला तुमच्याकडे एकच शब्द. आमच्या घरात मोठ्यांपुढे इंगिह म्हणजे काही हो नव्हे. इंगिह म्हणजे तुमचा आवाज कानावर आला. इंगिह म्हणजे मी तुमच्यापुढे मान वर केलेली नाही. जेवलास का, इंगिह, आणि पोटात काही नसतं. दुखतंय का, इंगिह. नाही दुखत ना, तरी इंगिह. माझ्याकडे येणाऱ्या बाळंतिणी असंच बोलतात, म्हणून मी पोरींना पहिल्याच तासाला सांगते — बाईच्या इंगिहवर विश्वास ठेवू नका, तिचा चेहरा बघा, हात लावून बघा. दर वर्षी सांगते. एकतीस वर्षं.

हो, हो, कळलं. मी चेहरे बघत नव्हते. कळलं मला काय म्हणायचंय तुला. फार शहाणा आहेस.

पण मग शिकली कुठून — हाच ना प्रश्न? पाठ उघडला नाही, यादीप्रमाणे माझ्या तासाला नव्हती, मग साडेतीन तिच्या डोक्यात आलं कुठून? मला काय माहीत? मैत्रिणीकडून ऐकलं असेल. वॉर्डात कुणी म्हणालं असेल. आजकाल पोरी कुठून काय शिकतील याचा नेम आहे का? पुस्तकात अडीच आहे, तुझ्या सहाव्या पाठात अडीच आहे — लाल अक्षरात, मोठं, आणि त्याखाली परत शब्दांत लिहिलंय, दोन आणि अर्धं, आणि ते पुसलं जाईपर्यंत सात सेकंद थांबतं, आणि मग प्रश्नातसुद्धा —

हो. बघितलाय मी. चौदाच्या चौदा बघितलेत. दोनदा. टीका करायची तर बघायला नको का? सहावा जरा जास्त वेळा बघितला असेल. चांगला केलायस तो. झालं समाधान? आकडा शब्दांतसुद्धा लिहिलायस, ते चांगलं केलंस, ते मला सुचलं नव्हतं. मी तोंडानंच सांगते. एवढ्या वर्षांत फळ्यावर लिहायची, पण ऑनलाईनला फळा कुठला, त्या पडद्यावर बोटानं लिहायला जावं तर पानच निघून जातं. म्हणून तोंडानं. आणि आकडे मी आमच्या भाषेत सांगते, आईसारखे. माझी आई गावातली सुईण, अक्षर येत नव्हतं, पण तेलाचं, मधाचं, आल्याच्या रसाचं माप कधी चुकलं नाही तिचं. ती मोजायची ते असं — अडीच म्हणजे तंगाह तलू. तिसऱ्याचं अर्धं. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धाच. किती सुंदर आहे बघ. आता कोण बोलतं असं? आताच्या पोरी अडीचला दुआ स्तंगाह म्हणतात, सरकारी भाषेत, दोन-अर्धा, हिशेबनीसासारखं. मी मुद्दाम तंगाह तलू म्हणते. तुझ्या पाठांत ही भाषा येणार आहे का? नाही येणार. म्हणून मी म्हणते की जिवंत तास तो जिवंत तास. त्यात माणसाचं रक्त असतं. त्या मंगळवारच्या तासाला मी सांगितलं त्यांना — सुईत तंगाह तलू भरायचं, ना कमी ना जास्त — आणि पलीकडच्या बेटावरच्या लांपुंगच्या पोरींना काय कळणार म्हणा, त्यांचे आजे-पणजे जावातून तिकडे नेऊन वसवलेले, भाषा स्वयंपाकघरापुरती उरलीय, त्यांना तंगाह तलू आणि तलू स्तंगाह यातला —

पाणी आहे का त्या बाटलीत?

दे.

तलू स्तंगाह म्हणजे साडेतीन. कळलंच असेल तुला. तीन आणि अर्धं. शब्द जवळपास तेच दोन, फक्त आधी-मागे. वनिंग लांपुंगचीच आहे, हेही तुझ्या यादीत असेलच. सगळंच असतं तुझ्या यादीत. एक नाही तुझ्या यादीत. ती मंगळवारी माझ्या तासाला बसायची. तुझी विषम पोरगी. मैत्रिणीच्या नावानं, मैत्रिणीच्या लिंकवरून. बसायची म्हणजे — मी बसवली. माझ्याकडे असं बघू नकोस. पहिल्या वर्षापासून हात बघतेय तिचा, असा हात दहा वर्षांत एखादीचा येतो. तिला मी तुझ्या करकोच्याच्या हवाली करू? मी सांगितलं तिला, ते मोबाईलचं सोड, माझ्या तासाला ये, कुणाला सांगू नकोस. काय म्हणणार ती? इंगिह म्हणाली.

नाही, थांब, आता बोलू दे, तूच विचारलंस ना? तिनं विचारलं होतं. सगळ्या इंगिह लिहीत होत्या आणि मध्येच मैत्रिणीच्या नावाखाली तिची एक ओळ आली. बू, तलू स्तंगाह? प्रश्नचिन्हासकट. एकटीनं विचारलं साठ जणींत. आणि मी वाचलं. चष्मा होता डोळ्यांवर, वाचलं नाही असं नाही म्हणू शकत. मला वाटलं, लांपुंगची पोर, जावानीज उलटं बोलतेय, म्हणायचंय तेच. आता साठ जणींपुढे काय म्हणू, तुला भाषा येत नाही म्हणून? कुणाला चारचौघांत चूक दाखवायची नाही, हे माझ्या आईनं मला शिकवलंय. पोर लाजली असती, पुढं कधी विचारलं नसतं. आणि तासाच्या वर बोलत होते, गळा सुकला होता, अजून अर्धं औषध सांगायचं राहिलं होतं. मी म्हणाले — इंगिह. मी. नम्रपणे. पुढं गेले.

तुमच्याकडे ते रेकॉर्डिंग आहे की नाही मला माहीत नाही. असेल तर एक तास बारा मिनिटांच्या पुढं बघ. नसेलच. मी काढून टाकायला सांगितलं होतं. जागा होत नाही म्हणून सांगितलं.

आणि मागच्या आठवड्यात तिला इथंच उभी केली होती, या बाहुलीच्या पायाशी, पाक रुस्दी होते, यायुक होती. कुणी विचारायचं? तर बू सुहार्तींनी, म्हणजे मी, मोठी म्हणून. मी विचारलं, वनिंग, हे तू मोबाईलवरच्या पाठातून शिकलीस ना? — आता असं विचारल्यावर जावातली पोर काय म्हणेल, सांग मला. मान खाली घालून म्हणाली, इंगिह, बू. पाक रुस्दींनी लिहून घेतलं. मला माहीत होतं ती काय म्हणणार. प्रश्न विचारायच्या आधी माहीत होतं. मी पोरींना शिकवते ना, इंगिहवर विश्वास ठेवू नका म्हणून — मीच ठेवला. सोयीचा होता म्हणून ठेवला. झालं? मिळालं तुला हवं ते? आता उद्या नऊला समिती तिला कॉलेजातून काढणार, ती जाणार लांपुंगला परत, रबराच्या मळ्यात, बापाबरोबर चीक गोळा करायला. आणि तुझे पाठ बंद होणार, आणि माझा तास राहणार, आणखी एक सत्र. एक सत्र रे. नंतर मी जाणारच आहे. एवढ्यासाठी.

आणि तू तोंडावर दया आणू नकोस. तुझे पाठ चांगले आहेत असं मी म्हटलेलं नाही. सहावा चांगला आहे, तेवढंच. माझ्या पोरीला त्यांना हात लावायची गरज नव्हती का? होती. मीच लावू दिला नाही. तो बगळा — करकोचा — मला आवडत नाही, कधी आवडणार नाही. माणूस समोर पाहिजे शिकवायला, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण समोर असलं की बघायलाही पाहिजे, हे —

कोण आहे बाहेर? बाकावर? नाही, मला चपला दिसताहेत दाराशी. कुणाच्या आहेत, दानिस? — तू घेऊन आलास तिला. केव्हापासून बसलीय? म्हणजे सगळं ऐकलं तिनं. दार उघडंच होतं.

वनिंग. ये आत. ये ना, उंबऱ्यावर काय उभी राहतेस, आत ये. वाकू नकोस, सरळ उभी राहा. माझ्याकडे बघ. बघ म्हणते ना. मी तुला विचारते आणि नीट उत्तर दे. ते साडेतीन तू मोबाईलवरून शिकलीस की माझ्याकडून? — थांब. एक शब्द सोडून काहीही बोल. शिवी दे हवं तर. बू, तुम्ही चुकलात म्हण. तुमच्यामुळं बाई मरत होती म्हण. म्हण की. किती वेळ उभी राहणारेस अशी.

इंगिह.

परत तेच म्हणालीस. हे कुठलं इंगिह समजू मी, पोरी?

मास दानिस, तुझा तो दिवा उचल, काठी उचल आणि चालता हो इथून. ते पत्र राहू दे. नाही, ते घेऊन जा, फाडून टाक. त्या कपाटातला कोरा कागद काढ. आणि पेन ठेवून जा.